लाइव्ह एड, १३ जुलै १९८५: सोळा तास, दोन स्टेडियम आणि स्टेजमागचं काम

तंबोरा

इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या या संगीत कार्यक्रमावर इथे आधी बोलणं झालं आहे, पण ते बहुतेक 'कोण भारी वाजवलं' यावरच. हा धागा त्याच्या मागच्या कामासाठी आहे. स्टेज कसं फिरवलं, वेळ कशी पाळली, प्रक्षेपण कसं जुळवलं, काय बिघडलं आणि का, पैसे कुठे गेले, ज्याला जे नीट माहीत असेल त्यानं ते लिहावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर मायकेल बर्कचा इथिओपियातल्या कोरेमच्या छावणीतला वृत्तान्त दाखवला गेला. कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीनचा होता. तो पाहून बॉब गेल्डॉफ आणि मिज युर या संगीतकारांनी 'बँड एड' या नावानं अनेक कलाकारांची एकत्रित ध्वनिमुद्रिका काढायचं ठरवलं आणि २५ नोव्हेंबरला लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत एका दिवसात ती मुद्रित झाली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या कलाकारांनी क्विन्सी जोन्सच्या देखरेखीखाली आपलं वेगळं गाणं केलं. पुढे १३ जुलै १९८५ ला, शनिवारी, लंडनचं वेम्ब्ली आणि फिलाडेल्फियाचं जेएफके अशी दोन स्टेडियम एकाच दिवशी उपग्रहानं जोडली गेली. वेम्ब्लीत सुमारे ७२,००० लोक होते, फिलाडेल्फियात त्याहून जास्त. वेम्ब्लीची बाजू हार्वी गोल्डस्मिथनं सांभाळली, अमेरिकेची बिल ग्रॅहमनं.

लंडनला दुपारी १२ वाजता सुरुवात झाली तेव्हा फिलाडेल्फियात सकाळचे ७ वाजले होते. तिकडचं शेवटचं गाणं संपलं तेव्हा लंडनमध्ये पहाटेचे ४ वाजून गेले होते. एवढ्या लांब कार्यक्रमात वेम्ब्लीचं वेळापत्रक जवळपास मिनिटाबरहुकूम चाललं. मला त्या दिवसातली सगळ्यात मोठी कामगिरी हीच वाटते.

---

पॅचबे

उत्तम विषय. स्टेजपासून सुरुवात करू.

नेहमीच्या मैफलीत एक बँड उतरून दुसरा चढायला पाऊण तास सहज जातो. ड्रम उचला, अँप (वाद्याचा आवाज वाढवणारी पेटी) हलवा, माइक लावा, प्रत्येक वायर मिक्सरच्या (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या) कुठल्या चॅनेलला जाते ते तपासा. वेम्ब्लीत दर बँडला साधारण वीस मिनिटं दिली होती आणि रात्री दहाला आटपायचं होतं. तिथे पाऊण तास कुठून आणणार? म्हणून गोल फिरणारं स्टेज वापरलं. त्याचे तीन भाग केले होते. पुढच्या भागावर बँड वाजवतोय, दुसऱ्यावर पुढच्या बँडची मांडणी चालू आहे, तिसऱ्यावर आधीच्या बँडचं सामान उतरतंय. वेळ झाली की तबकडी एक तृतीयांश फिरवायची. मधल्या वेळात वेम्ब्लीच्या पडद्यांवर फिलाडेल्फिया दाखवायचं.

फिरत्या स्टेजची खरी अडचण मोटर नव्हे, वायरी असते. स्टेजवरून मिक्सरपर्यंत जाणारी जाड मल्टिकोर केबल (एकाच आवरणात अनेक वायरी) फिरत्या भागाला कायमची जोडली तर दोन फेऱ्यांत पिळून तुटेल. त्यामुळे अशा स्टेजवर प्रत्येक भागाला स्वतःचा छोटा स्टेजबॉक्स देतात. बँडचे सगळे माइक त्यात लागतात आणि त्या बॉक्समधून एकच बहुपिन कनेक्टर निघतो. भाग फिरून जागेवर आला की तो कनेक्टर मुख्य केबलमध्ये बसवायचा. वीजपुरवठ्याचंही तसंच. गिटारचे व्हॉल्व्ह अँप मागच्या बाजूलाच चालू करून ठेवावे लागतात, कारण व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. म्हणजे मागे असताना एक पुरवठा, पुढे आल्यावर दुसरा, आणि मधल्या काही सेकंदांत वीज जाणार हे धरूनच चालायचं. ज्या कीबोर्डांची मेमरी वीज गेली की पुसते, त्यांच्यासाठी हा धोका असतो.

वेळ पाळण्यासाठी स्टेजवर कलाकारांना दिसतील असे तीन रंगांचे दिवे लावले होते, रस्त्यावरच्या सिग्नलसारखे. हिरवा असेपर्यंत वाजवा, पिवळा लागला की आवरतं घ्या, लाल म्हणजे संपलं. स्टेजमागे जागोजागी घड्याळं टांगलेली होती आणि सगळी एकमेकांशी जुळवलेली. नाहीतर 'माझ्या घड्याळात अजून पाच मिनिटं आहेत' हा वाद प्रत्येक बँडशी झाला असता.

---

रानजाई

पण साउंडचेक? एवढ्या बँडना आदल्या दिवशी एकेक तास दिला तरी दोन दिवस लागतील. मग प्रत्येकाचा आवाज बसवला कसा?

---

पॅचबे

रानजाई, पूर्ण साउंडचेक शक्यच नसतो. अशा कार्यक्रमात लाइनचेकवर भागवतात. साउंडचेकमध्ये गाणं वाजवून आवाजाचा समतोल बसवतात. लाइनचेकमध्ये फक्त एवढंच पाहायचं, की चॅनेल १ वर बेसड्रम येतोय ना, २ वर स्नेअर (छोटा ड्रम) येतोय ना. एकानं मागे माइकवर टिचकी मारायची, दुसऱ्यानं हेडफोनवर ऐकून 'आला' म्हणायचं. २४ चॅनेल दर चॅनेलला पाच सेकंद धरले तर दोन मिनिटांत होतात.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. पहिली, सगळ्या बँडना एकच इनपुट लिस्ट, म्हणजे कुठलं वाद्य कुठल्या चॅनेलवर याची यादी. बेसड्रम कायम १ वर, बेस गिटार कायम ९ वर, मुख्य गायक कायम १४ वर. एखाद्या बँडकडे कीबोर्ड नसेल तर ते चॅनेल रिकामे राहतील, पण पुढचे सरकवायचे नाहीत. एकदा सरकवले की पुढच्या बँडच्या वेळी मिक्सरवाला गायक समजून कीबोर्डचा फेडर (आवाज कमीजास्त करणारी सरकती खुंटी) वर करतो.

दुसरी, शक्य असेल तर मिक्सर दोन. पहिल्या बँडला पहिला डेस्क (मिक्सर), दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला पुन्हा पहिला. एकावर कार्यक्रम चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या बँडची तयारी होते. आता डिजिटल डेस्कवर एक बटण दाबलं की आधी साठवलेली मांडणी येते. १९८५ मध्ये प्रत्येक नॉब हातानं फिरवावा लागे आणि आधीच्या बँडची खूण म्हणून पट्टीवर पेन्सिलीनं लिहून ठेवत.

या परिस्थितीत पहिलं गाणं हेच खरं साउंडचेक असतं. म्हणून अनुभवी बँड पहिल्याच गाण्यात नाजूक काही ठेवत नाहीत. वेम्ब्लीत सुरुवात स्टेटस को या बँडनं केली. सरळ चारच्या ठेक्यातलं, दोन गिटारींचं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं. मिक्सरवाल्याला त्यात समतोल शोधायला वाव मिळतो.

---

सातारकर

याच मुद्द्यावर क्वीन या बँडचं उदाहरण घ्यायलाच हवं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बलसारा. १९५० च्या दशकात तो आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होता आणि तिथेच 'हेक्टिक्स' या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. साताऱ्याशी एवढं नातं आहे म्हणून अभिमानानं नोंदवतो.

क्वीनला संध्याकाळी ६:४१ ची वेळ मिळाली. उन्हाळ्यात लंडनला तेव्हा लख्ख उजेड असतो, म्हणजे त्यांची नेहमीची प्रकाशयोजना उपयोगाची नव्हती. त्यांनी किंग्ज क्रॉसजवळच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालीम केली आणि २१ मिनिटांत सहा गाण्यांचे तुकडे बसवले. 'बोहेमियन रॅप्सडी'चा फक्त सुरुवातीचा पियानोचा भाग घेतला आणि गिटार सोलोवरून थेट 'रेडिओ गागा'मध्ये उडी मारली. मूळ गाण्याचा मधला समूहगायनाचा भाग प्रत्यक्ष गाता येत नाही, एरवीच्या मैफलींतही त्यासाठी ध्वनिफीत लावत. तो भाग आला असता तर वेळही गेली असती आणि टीव्हीवर रिकामं स्टेज दिसलं असतं. 'वुई विल रॉक यू' फक्त तोंडओळखीपुरतं वाजवलं, कारण तो ठेका लोकांनीच धरायचा होता.

त्या दिवशी तिकीट क्वीनच्या नावावर विकलं गेलं नव्हतं. समोरचे ७२,००० लोक सगळ्यांसाठी आलेले होते. तरी 'रेडिओ गागा'च्या ध्रुपदावर दोन टाळ्या एकसाथ पडल्या.

त्या चित्रीकरणात एक गोष्ट नीट पाहा. कॅमेरा वरून मागच्या बाजूला जातो तेव्हा हात एकाच क्षणी वर जात नाहीत. पुढच्या रांगांचे आधी, मागच्यांचे किंचित नंतर, अशी लाट सरकताना दिसते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवर उभ्या माणसाला ठेका सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि तो आपल्या कानाप्रमाणे बरोबरच टाळी वाजवतो.

---

तंबोरा

सातारकर, हे लिहिलंत ते फार छान. याच्या उलट उदाहरण यू२ या बँडचं. त्यांना तीन गाणी वाजवायची होती. दुसरं गाणं त्यांचा गायक बोनोनं खाली उतरून प्रेक्षकांतल्या एका मुलीबरोबर नाचण्यात लांबवलं, ते १२ मिनिटांच्या आसपास गेलं आणि तिसरं, त्यांचं तेव्हाचं सगळ्यात गाजलेलं गाणं, राहूनच गेलं. वाद्यवृंद तोच तोच स्वरसमूह फिरवत उभा होता, कारण गायक कुठे गेला ते स्टेजवरून दिसत नव्हतं. तरी टीव्हीवर तोच तुकडा लोकांच्या लक्षात राहिला. वेळापत्रक मात्र मोडलं नाही. त्यांनी आपलंच गाणं सोडलं, पुढच्याची मिनिटं खाल्ली नाहीत.

डायर स्ट्रेट्स या बँडचाही उल्लेख हवा. त्याच संध्याकाळी शेजारच्या वेम्ब्ली अरीनात त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता. स्टेडियममध्ये वाजवून ते चालत तिकडे गेले.

---

अँटेना

प्रक्षेपणाबद्दल लिहितो. इथे दोन अडचणी होत्या, एक चित्राची आणि एक वेळेची.

चित्राची अशी, की ब्रिटनचं टीव्ही ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्डचं (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र), अमेरिकेचं ५२५ रेषा आणि ६० फील्डचं. एकीकडचं चित्र दुसरीकडे जसंच्या तसं दाखवता येत नाही, मध्ये मानक बदलणारं यंत्र लागतं. ते फील्ड वाढवतं किंवा कमी करतं, म्हणून जुन्या चित्रफितींत वेगानं हलणारे हात थोडे फाटल्यासारखे दिसतात. ब्रिटनमध्ये बीबीसी, अमेरिकेत एबीसी आणि एमटीव्ही, आयर्लंडमध्ये आरटीई, शिवाय जगभरच्या वाहिन्या. सुमारे १५० देश आणि १.९ अब्ज प्रेक्षक हा आकडा सगळीकडे दिला जातो, पण तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. तो अंदाज म्हणूनच वापरावा.

वेळेची अडचण जास्त महत्त्वाची. मिक जॅगर अमेरिकेतून आणि डेव्हिड बोवी लंडनमधून एकच गाणं उपग्रहावरून एकत्र गाणार होते. ते रद्द झालं. कारण साध्या गणिताचं आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किमीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. बोवीचा आवाज जॅगरपर्यंत पाव सेकंद, त्यावर जॅगर गाणार, तो आवाज परत यायला आणखी पाव सेकंद. म्हणजे बोवीला जॅगर अर्धा सेकंद मागे ऐकू येणार. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात अर्धा सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा. एकाच्या कानाला दुरुस्त केलं की दुसऱ्याच्या कानाला दुप्पट बिघडतं. यावर तांत्रिक उपाय तेव्हाही नव्हता, आजही नाही, कारण प्रकाशाचा वेग बदलत नाही. म्हणून दोघांनी लंडनला एकत्र येऊन गाणं आधीच मुद्रित केलं, त्याची चित्रफीत बनवली आणि त्या दिवशी ती दाखवली.

द हू या बँडच्या वेळचा बिघाडही प्रक्षेपणातलाच. बऱ्याच काळानंतर ते एकत्र आले होते आणि पहिल्याच गाण्यात, नेमका 'फेड' हा शब्द गाताना, जगभरचे पडदे काळे झाले. स्टेडियममधले लोक ऐकत होते, बँड वाजवत होता, पण पुरवठ्यातल्या बिघाडामुळे चित्र बाहेर जात नव्हतं. गाण्याचा मोठा भाग घरी बसलेल्यांना दिसलाच नाही. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ध्वनी, प्रकाश आणि प्रक्षेपण यांचे वीजपुरवठे वेगळे ठेवले तर एक गेल्यानं बाकीचे जात नाहीत, आणि वेम्ब्लीत बँडला काही जाणवलं नाही ते त्यामुळेच. पण वेगळ्या पुरवठ्यालाही पर्यायी जोड लागते.

---

रानजाई

आणि पॉल मॅकार्टनीचा माइक? शेवटच्या टप्प्यातलं एवढं मोठं नाव, आणि सुरुवातीला आवाजच नाही.

---

पॅचबे

'लेट इट बी'ची सुरुवातीची दोनेक मिनिटं त्याच्या गाण्याचा माइक बंद होता. पियानो ऐकू येत होता, कारण पियानोचे माइक वेगळे. लोकांनीच गाणं उचलून धरलं, मग बोवी, गेल्डॉफ, ॲलिसन मॉयेट आणि पीट टाउनशेंड गायला आले.

एक मुका चॅनेल शोधायला दोन मिनिटं का लागतात ते सांगतो. डेस्कवरच्या माणसाला फक्त एवढं दिसतं, की मीटर हलत नाही. बिघाड पाचांपैकी कुठेही असू शकतो: माइक, माइकची वायर, स्टेजबॉक्सचं छिद्र, मल्टिकोर किंवा डेस्कचा चॅनेल. आधी तो डेस्कवरचं म्यूट (आवाज बंद करणारं बटण) आणि गेन (आवाजाची पातळी) पाहतो, ते दोन सेकंदांचं काम. मग इंटरकॉमवर स्टेजला सांगतो. लोक ओरडत असताना स्टेजवरच्याला ते नीट ऐकू यायला हवं. मग कोणीतरी वाकून वायर कुठे जाते ते बघतं, चालू गाण्यात कॅमेऱ्यासमोर न येता. शिवाय पियानोवर बसलेल्या गायकाला स्वतःला कळत नाही, कारण मॉनिटरमध्ये (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) आवाज नाही ही तक्रार तर दिवसभर सगळ्यांचीच असते.

उपाय एकच आहे आणि तो स्वस्त आहे. मुख्य गायकाच्या हाताशी दुसरा माइक आधीपासून वेगळ्या चॅनेलवर, वेगळ्या वायरनं लावलेला ठेवायचा. पहिला गेला की दुसरा उचलायचा, शोध नंतर घ्यायचा.

फिलाडेल्फियातले दोन बिघाड मॉनिटरचेच होते. लेड झेपलिन या बँडचं पुनर्मीलन झालं ते पुरेशा तालमीशिवाय, दोन ड्रमर घेऊन. त्यातला एक फिल कॉलिन्स, जो दुपारी वेम्ब्लीत वाजवून कॉन्कॉर्ड या अतिवेगवान विमानानं अटलांटिक ओलांडून आला होता. दोन ड्रमर एकत्र वाजवायचे तर दोघांना एकमेकांचा बेसड्रम मॉनिटरमधून स्पष्ट यायला हवा. नुसता हवेतून ऐकला तर पाच मीटरला १५ मिलिसेकंद उशीर होतो, आणि दोघं एकमेकांची वाट पाहत सावकाश होत जातात. त्यात गिटार सुरात नव्हती. बँडनं तो भाग पुढे २००४ च्या डीव्हीडीत घेऊ दिला नाही.

दुसरा बॉब डिलन. कीथ रिचर्ड्स आणि रॉनी वूड यांच्याबरोबर तो पडद्यापुढे तीन साध्या गिटारी घेऊन उभा होता आणि पडद्यामागे शेवटच्या समूहगाण्याची तयारी चालली होती. मॉनिटर नाहीत, मागून गलका. डिलनची तार तुटली तेव्हा वूडनं आपली गिटार त्याला दिली. तीन गिटारींसाठी एक सुरात लावलेली जादा गिटार स्टेजच्या कडेला ठेवणं एवढंच लागत होतं. फिलाडेल्फियात वेळापत्रकाचा ताण शेवटी डिलनच्या वाट्याला आला, असं माझं मत आहे.

अवांतर: जुन्या हॅमंड ऑर्गनची मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरते. अमेरिकेचा ६० हर्ट्झचा ऑर्गन ब्रिटनच्या ५० हर्ट्झवर चालवला तर स्वर तीन अर्धस्वरांनी खाली येतो. नुसता व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, वारंवारता बदलणारं यंत्र लागतं.

---

हिशोबनीस

संगीतावर भरपूर झालं, आता पैशांवर.

वेम्ब्लीचं तिकीट २५ पौंडांचं होतं. ७२,००० ने गुणलं तर १८ लाख पौंड होतात. मोठी रक्कम आहे, पण एकूण निधीपुढे छोटी. खरा निधी टीव्हीसमोर बसलेल्यांनी फोनवरून आणि टपालानं दिला. तेव्हाचे आणि नंतरचे मिळून सुमारे १५ कोटी पौंड जमले असं सांगितलं जातं. सुरुवातीचे काही तास निधी अपेक्षेपेक्षा फार हळू येत होता. मग गेल्डॉफनं कॅमेऱ्यासमोर येऊन थेट आर्जव केलं. बोवीनं आपलं एक गाणं सोडून त्या वेळात दुष्काळाची चित्रफीत दाखवायला लावली, आणि त्यानंतर फोनचा ओघ वाढला.

याच्या आधीचा मोठा धडा १ ऑगस्ट १९७१ चा. पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दुपारी आणि रात्री असे दोन कार्यक्रम केले. अली अकबर खाँ सरोदवर, मुंबईचे अल्लारखाँ तबल्यावर. दारावर जमलेले २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट युनिसेफला लगेच गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेला मोठा पैसा अमेरिकन कर खात्याकडे वर्षानुवर्षं अडकला, कारण करमुक्त संस्थेची रचना कार्यक्रमाच्या आधी केलेली नव्हती. लोक तेव्हा उपाशी होते आणि पैसा कागदांत.

बँड एडनं न्यास आधी उभा केला आणि पैसा त्यातूनच फिरवला. तिथेही कराचा प्रश्न आलाच: ब्रिटिश सरकारनं ध्वनिमुद्रिकेवरचा व्हॅट माफ करायला नकार दिला होता. लोकांचा दबाव आल्यावर तेवढीच रक्कम मदतनिधीला दिली.

---

कोरडवाहू

पैसा जमला, पुढे काय, हे इथे यायलाच हवं. दुष्काळात पैशापेक्षा वाहतूक अडते.

हिशोब असा. माणशी दिवसाला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम धान्य, म्हणजे महिन्याला सुमारे १५ किलो. वर डाळ, तेल, मीठ. २० टनांचा एक ट्रक म्हणजे सुमारे १,३०० माणसांचं एका महिन्याचं धान्य. एक लाख लोकांच्या छावणीला महिन्याला असे ७५ ट्रक लागतात, आणि ते डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं जाऊन रिकामे परत यायला आठवडा सहज जातो. धान्य मुख्यतः असाब आणि मसावा या बंदरांत उतरायचं (ही आता एरिट्रियात आहेत). बंदरात जहाज उभं, गोदामात धान्य, पण पुढे न्यायला ट्रक नाहीत, टायर नाहीत, डिझेल नाही. म्हणून बँड एडनं स्वतः ट्रक घेण्यावर खर्च केला, तो मला शहाणपणाचा वाटतो. नुसतं धान्य घेतलं असतं तर ते बंदरातच पडून राहिलं असतं.

छावणीत पोचल्यावरही सरसकट वाटप करून चालत नाही. अतिकुपोषित मुलाला एकदम पोटभर जेवण दिलं तर शरीरातल्या क्षारांचं प्रमाण ढासळून ते दगावू शकतं. त्याला दूध पावडर, तेल आणि साखर यांचं पातळ मिश्रण थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी द्यावं लागतं. त्यासाठी स्वच्छ पाणी, इंधन आणि रात्रभर जागणारी माणसं हवीत.

आता अवघड भाग. हा दुष्काळ फक्त पाऊस न पडल्यामुळे आला नव्हता. इथिओपियातलं मेंगिस्तूचं सरकार उत्तरेत तिग्रे आणि एरिट्रियाच्या बंडखोरांशी लढत होतं. बाजार, वाहतूक आणि शेती त्यात मोडली. सरकारनं उत्तरेतल्या लोकांना जबरदस्तीनं दक्षिणेत हलवायला सुरुवात केली. त्याविरुद्ध बोलल्याबद्दल डिसेंबर १९८५ मध्ये फ्रान्सच्या 'मेद्सॅं सां फ्रोंतिएर' या वैद्यकीय संस्थेला देशाबाहेर काढलं. टीव्हीवर त्या दिवशी यातलं काहीच आलं नाही. तिथे दुष्काळ म्हणजे कोरडी जमीन आणि हाडं दिसणारी मुलं एवढाच होता.

---

तंबोरा

कोरडवाहू, तुमचं म्हणणं पटतं, पण बोवीनं दाखवलेली चित्रफीत काढून टाकली असती तर फोन वाजले नसते. सोळा तासांच्या प्रक्षेपणात राजकारण समजावायला बसलो तर लोक वाहिनी बदलतात.

---

कोरडवाहू

समजावणं नको, पण आडपडदाही नको. 'तिथे युद्ध चालू आहे आणि मदत दोन्ही बाजूंना पोचवायची आहे' हे एक वाक्य सोळा तासांत मावलं असतं. ते न सांगितल्यामुळे पुढे मदतीच्या गैरवापराची बातमी आली की लोकांना सगळंच फसवं वाटायला लागतं. २०१० मध्ये तेच झालं. तिग्रेच्या बंडखोरांनी मदतीचे पैसे शस्त्रांकडे वळवले असा कार्यक्रम बीबीसीनं केला आणि त्यातून बँड एडकडे बोट गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीबीसीला माफी मागावी लागली, कारण बँड एडच्या पैशाबद्दल तसा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. माफीची बातमी मूळ बातमीइतकी कोणी वाचली नाही.

---

हिशोबनीस

याला +१. आणि म्हणूनच हिशोब जाहीर ठेवणं हे गाण्याइतकंच महत्त्वाचं. किती आले, कशावर गेले, किती शिल्लक, हे दर काही महिन्यांनी छापायचं.

---

देवगडकर

धागा फार उपयोगाचा आहे. आमच्या भागात पूरग्रस्तांसाठी सहा स्थानिक बँडची एक संध्याकाळ करायचं घाटतंय. यातलं नेमकं काय उचलावं?

---

पॅचबे

देवगडकर, आधी वेळ मांडा. सहा बँड प्रत्येकी २० मिनिटं म्हणजे १२० मिनिटं. मधले पाच बदल प्रत्येकी १५ मिनिटं म्हणजे ७५. एकूण सव्वातीन तास. संध्याकाळी ६ ला सुरू केलं तर सव्वानऊला संपतं. रात्री १० ला ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, म्हणजे पाऊण तास हाताशी राहतो. भाषणं आणि सत्कार याच पाऊण तासात बसवा, बँडच्या वेळेतून कापू नका.

फिरतं स्टेज लागत नाही. चाकांचे दोन लाकडी चौथरे घ्या, ८ बाय ८ फुटांचे, प्रत्येकावर एक ड्रमसेट. एक पुढे असताना दुसऱ्यावर पुढचा ड्रमर आपली उंची-अंतरं जुळवतो. चाकांना ब्रेक हवेतच, नाहीतर बेसड्रमच्या धक्क्यानं चौथरा पुढे सरकतो. अँप सगळ्यांना तेच द्या.

इनपुट लिस्ट २४ चॅनेलमध्ये बसते: ड्रम ८ (बेसड्रम, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, फ्लोअर टॉम, वरचे दोन), बेस १, गिटार २, कीबोर्ड २, गायन ४, जादा गायन माइक १, निवेदक १, ध्वनिमुद्रित संगीत २. झाले २१, तीन शिल्लक. बँडना आठवडाभर आधी ही यादी पाठवा आणि त्यातच काय वाजवणार ते लिहून मागा.

जनरेटर दोन, ध्वनीला एक आणि प्रकाशाला एक. प्रकाशाचे डिमर ध्वनीच्या लाइनवर आले की स्पीकरमधून गुणगुण येते. अर्थिंग रॉड ठोकून त्यावर पाणी घाला. थ्री-फेज घेतलं असेल तर न्यूट्रलचं टर्मिनल स्वतः हलवून पाहा. न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवरचं व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेनं चढतं आणि मिक्सर, कीबोर्ड, अँप एका क्षणात जळतात.

---

हिशोबनीस

कागदपत्रांचं माझ्याकडून. निधी वैयक्तिक खात्यात किंवा मंडळाच्या कोणा कार्यकर्त्याच्या क्यूआर कोडवर अजिबात घेऊ नका. जी नोंदणीकृत संस्था मदत पोचवणार आहे, तिच्याच खात्यात थेट घ्या आणि पावती तिचीच द्या. म्हणजे देणगीदाराला करसवलतही मिळू शकते. परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे यायची शक्यता असेल तर त्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का ते आधी विचारा. नसेल तर परदेशी देणगी स्वीकारता येत नाही.

बँड दुसऱ्यांची गाणी वाजवणार असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना लागतो. कार्यक्रम मदतीसाठी आहे म्हणून तो आपोआप माफ होत नाही. पोलिसांची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगवेगळी असते, दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका.

स्टेजचा, जनरेटरचा आणि साउंडचा खर्च प्रायोजकाकडून वेगळा घ्या आणि त्याचं पाकीट, पावतीपुस्तक वेगळं ठेवा. देणगीच्या पैशातून भाडं गेलं की हिशोब मांडताना प्रत्येक रुपयाला उत्तर द्यावं लागतं.

---

देवगडकर

दोघांचेही आभार. इनपुट लिस्ट आणि वेळापत्रक तयार झालं की याच धाग्यावर टाकतो. ड्रमचे आठ माइक इकडे भाड्यानं मिळत नाहीत, चारच मिळतात.

---

पॅचबे

चार पुरतील. बेसड्रमला एक, स्नेअरला एक, वरून दोन. वरचे दोन्ही माइक स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर लावा, दोरीनं मोजून. अंतर वेगळं पडलं की स्नेअरचा आवाज दोन्ही माइकमध्ये पुढेमागे पोचतो आणि पोकळ ऐकू येतो. यादीत मात्र ड्रमचे आठही चॅनेल तसेच राहू द्या. चार रिकामे गेले तरी बेस गिटार ९ वरच.